वॉर फाइल चढवण्याचे सोपे गाईड (तारापूर आवृत्ती)

हे गाईड कोणासाठी?

ज्याला रात्री साडेअकराला फोन येतो आणि पलीकडचा माणूस 'हॅलो'च्या जागी 'बंद आहे' म्हणतो, त्याच्यासाठी. ज्याने जावा शिकताना क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सगळं घोकलं, पण लिहिलेला प्रोग्रॅम लोकांपर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न ज्याला एकाही सेमिस्टरला आला नाही, त्याच्यासाठी. पालघर ते बोईसर रोज ये-जा करणाऱ्यांनाही हे चालेल. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन, तेवढ्यात एक धडा वाचून होतो.

या गाईडातली प्रत्येक चूक लेखकाने आधी स्वतः करून पाहिली आहे. विद्यार्थ्यांनी ती घरी करून पाहू नये. ऑफिसात तर नकोच.

साहित्य (एका ॲपसाठी)

जेडीके: एक. लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरं असेल तर दोघांचं पटत नाही. धडा २ पाहा.

टॉमकॅट, म्हणजे ॲप चालवणारा सर्व्हर: एक. मेव्हन: एक. गिट: एक.

जेनकिन्स: एक, शक्यतो वेगळ्या मशीनवर. टॉमकॅट आणि जेनकिन्स दोघांनाही जन्मतः ८०८० नंबरचाच पोर्ट हवा असतो. दोघांना एकाच मशीनवर ठेवलंत आणि पोर्ट बदलला नाहीत, तर संध्याकाळच्या गाडीत विरारनंतर चौथ्या सीटवरून जे होतं तेच होतं.

यूपीएस: एक, बॅटरी जिवंत असलेला. तारापूरचं केंद्र १९६९ पासून अणुवीज बनवतंय, मग शेजाऱ्याला यूपीएस कशाला, असं वाटेल. पण ती वीज आधी ग्रीडला जाते. जुलैच्या पावसात आपल्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर काय करतो, हा वेगळा विषय आहे.

वही: एक, दोनशे पानी. ही विसरू नये. बहुतेक जण हीच विसरतात.

धडा १. हाताने चढवणे

उदाहरणासाठी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं गेटपास आणि वजनकाट्याचं ॲप घेऊ. कारखान्याचं नाव विचारू नका, तिथे माझी अजून ये-जा आहे. भरलेला टँकर गेटमधून आत येतो, काट्यावर उभा राहतो, वजन ॲपमध्ये जातं. माल उतरवून रिकामा टँकर परत काट्यावर येतो, पुन्हा वजन होतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की आलेला माल. हिशेब दुसरीतल्या मुलाचा, पण तो करायला जावा, डेटाबेस, सर्व्हर आणि मी एवढे लागत होतो.

कृती:

१. लॅपटॉपवर कोड लिहा. चालला की हर्ष व्यक्त करा.

२. त्याची वॉर फाइल बनवा. वॉर म्हणजे वेब आर्काइव्ह. युद्धाशी तिचा संबंध नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

३. फाइलला 'गेटपास_फायनल_नवीन_२_खरंच' असं नाव द्या आणि पेनड्राइव्हवर घ्या.

४. बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसा. सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही. हे लक्षात ठेवा, धडा ३ मध्ये लागेल.

५. गेटवरच्या रजिस्टरमध्ये पेनड्राइव्हची नोंद करा. 'आत काय आहे?' या रकान्यात 'सुधारणा' लिहा.

६. टॉमकॅट थांबवा. खरंच थांबला का ते बघत बसू नका. थांबला असेल.

७. वेबॲप्स फोल्डरमधली जुनी वॉर डिलीट करा. बॅकअप घ्यायचा होता, हे नेमकं इथे आठवतं.

८. नवी वॉर टाका आणि टॉमकॅट सुरू करा. तो सुरू होणार नाही, कारण सहाव्या पायरीत तो थांबलाच नव्हता. जुना टॉमकॅट पोर्ट अडवून बसलेला आहे. त्याला ठार करा.

९. ब्राउझरमध्ये जुनंच पान दिसेल. टॉमकॅटच्या वर्क फोल्डरात जुन्या पानाचं शिजवून ठेवलेलं रूप उरलंय. तेही काढा.

१०. नवं पान दिसेल आणि सांगेल की डेटाबेस सापडत नाही. वॉरमध्ये डेटाबेसचा पत्ता तुमच्या लॅपटॉपचा राहिलाय.

११. घरी जा. शेवटची गाडी गेलेली असेल.

ज्या रात्री मी ही अकरा पावलं चाललो, त्या रात्री गेटबाहेर नऊ टँकर उभे होते. त्यातल्या एका ड्रायव्हरने शेवटी स्टोव्ह काढून भात लावला. भात झाला, जेवण झालं, भांडी घासून झाली, ॲप काही उठेना. तेवढ्यात बॉयलरवरचे काका चहाचा ग्लास घेऊन सर्व्हरच्या खोलीत आले. मला वाटलं, ग्लास माझ्यासाठी आहे. तो त्यांच्यासाठी होता.

"तुमची एसओपी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसली एसओपी?"

"हे बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, अडलं तर काय करायचं. लिहिलेली असेल ना कुठे?"

"डोक्यात आहे, काका."

काकांनी एक घोट घेतला. "मग घरी जाताना डोकं गेटवर जमा करून जात जा. आम्ही लॉगबुक ठेवून जातो."

धडा १ समाप्त.

धडा २. बांधणी

वॉर फाइल हाताने बनवू नये. त्यासाठी बांधणीचं साधन असतं. जावाच्या जगातलं पहिलं गाजलेलं साधन म्हणजे ॲंट. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी ते मुळात टॉमकॅट बांधता यावा म्हणून केलं आणि २००० साली ते स्वतंत्रपणे बाहेर आलं. म्हणजे मुंगी आधी वारूळ बांधायला आली आणि मग सगळ्यांच्याच घरी कामाला राहिली. अडचण एवढीच, की ॲंटला प्रत्येक घरी नव्याने सगळं समजावून सांगावं लागे: कोड कुठे आहे, लायब्ररी कुठे ठेवल्यात, तयार माल कुठे टाकायचा. दहा प्रोजेक्ट, दहा तऱ्हा.

मेव्हन आलं ते याच वैतागातून. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची. मेव्हन म्हणतं, कोडचा फोल्डर कुठे असावा ते मी ठरवलंय, टेस्टचा कुठे तेही ठरवलंय, तयार माल 'टार्गेट'मध्ये पडेल. तुम्ही फक्त काय हवंय ते पॉम फाइलमध्ये लिहा. नव्या सुनेला हा जाच वाटतो. पण वर्षभराने दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टमध्ये गेलात, की डबे त्याच फडताळात त्याच क्रमाने सापडतात आणि जाचाची किंमत कळते.

नवशिक्यांनी इथे पुढील चार खड्डे ओळीने पाहून घ्यावेत.

खड्डा पहिला: 'डिप्लॉय'. मेव्हनला 'डिप्लॉय' म्हटलं की नवशिक्याला वाटतं ॲप सर्व्हरवर गेलं. नाही गेलं. मेव्हनचं डिप्लॉय तयार फाइल नेऊन एका सामायिक कोठारात ठेवतं, बस. सर्व्हरला पत्तासुद्धा नसतो. यात मेव्हनला दोष देण्यात अर्थ नाही. तारापूर एमआयडीसीला जायला निघालेला नवखा माणूस थेट तारापूर गावात जाऊन उतरतो, आणि वसाहत तर बोईसरला, सालवड, पास्थळ, कुंभवलीच्या शिवारात. नाव एकीकडे आणि गाव एकीकडे, ही आपल्याकडे नवलाई नाही.

खड्डा दुसरा: जेडीके. जावाच्या प्रत्येक आवृत्तीत बांधलेल्या क्लासवर एक आकडा छापलेला असतो. जावा ८ चा ५२, ११ चा ५५, १७ चा ६१. सर्व्हरवर जावा ८ असेल आणि तुम्ही १७ वर बांधलेला माल नेलात, तर 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' येते आणि त्यात हे दोन आकडे लिहिलेले असतात. त्रुटी वाचा. नवशिके त्रुटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, वाचत नाहीत.

खड्डा तिसरा: अक्षरं. विंडोजवर फाइलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर एकच मानतात, लिनक्सवर नाही. देवनागरीत लहान लिपी आणि मोठी लिपी असा भेदच नसल्याने आपल्याला हा अन्याय उशिरा कळतो. आणि देवनागरीचं म्हणाल, तर पॉममध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ असं एकदा लिहून ठेवा. जावाने स्वतःहून सगळीकडे यूटीएफ-८ धरायला सुरुवात केली ती १८ व्या आवृत्तीत, २०२२ साली. त्याआधीच्या जावाने विंडोजच्या मशीनवर बांधलेल्या माझ्या गेटपासवर 'भरलेले वजन' या शब्दांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग छापली होती. सिक्युरिटीवाल्यांनी तो गेटपास चिनी समजून परत पाठवला.

खड्डा चौथा: टॉमकॅट १०. नवव्या टॉमकॅटवर आनंदाने चालणारी वॉर दहाव्यावर चालत नाही. कोडात काहीही चुकलेलं नसतं. झालं असं, की जावाचा एंटरप्राइज संसार ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेला, पण 'जावाएक्स' हे पाळण्यातलं नाव पुढे वापरायची मुभा सोबत गेली नाही. म्हणून सगळ्या पॅकेजांची नावं 'जकार्ता' झाली. पालघरकराला हे समजावून सांगायला नको. १ ऑगस्ट २०१४ ला आपण झोपलो त्याच घरात उठलो, पण जिल्हा ठाण्याचा पालघर झाला होता. घर तेच, रस्ता तोच, पत्त्यातली एक ओळ बदलली. पोस्टमन ओळखीचा, त्याने जुन्या पत्त्याचीही पत्रं आणून दिली. टॉमकॅट ओळख ठेवत नाही.

धडा ३. डहाणू लोकल

बांधलेली वॉर कोडापासून सर्व्हरपर्यंत आपोआप जावी, यासाठी जी वाट आखतात तिला पाइपलाइन म्हणतात. एमआयडीसीत पाइपलाइन म्हटलं की सांडपाण्याची आठवते आणि चर्चा भलतीकडे जाते. म्हणून आपण रेल्वेलाइन घेऊ.

एप्रिल २०१३ पर्यंत मुंबईची लोकल विरारला संपायची. पुढे जाणाऱ्याने उतरायचं, जिना चढायचा, उतरायचा, शटलची वाट बघायची. हातात सामान असेल तर प्रत्येक बदलीत काहीतरी राहायचं: छत्री, डबा, क्वचित मूल. धडा १ मधली अकरा पावलं म्हणजे ही विरारची बदली. स्वयंचलन म्हणजे गाडी थेट डहाणूला नेणं. गाडीचा वेग त्याने वाढत नाही. सामान राहत नाही, एवढंच.

गाडी चालवणारा मोटरमन म्हणजे जेनकिन्स. कोहसुके कावागुची सनमध्ये नोकरीला होते, त्यांच्या कोडामुळे बांधणी मोडायची आणि सहकारी वैतागायचे. म्हणून २००४ च्या सुमारास त्यांनी आपलं काम आपणच आधी तपासून घेणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव हडसन. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये बहुतेक मंडळी 'जेनकिन्स' या नव्या नावाखाली बाहेर पडली. ज्या साधनावर आज जगातले असंख्य सर्व्हर विसंबून आहेत, त्याचं मूळ इतकंच: एका माणसाला रोज बोलणी खायचा कंटाळा आला होता.

आता स्टेशनं पाठ करा.

विरार. कोड गिटमध्ये गेला. गाडी इथून सुटते, कोणाच्या लॅपटॉपवरून नाही. गिटमध्ये नाही ते अस्तित्वात नाही, हा विरारचा नियम.

वैतरणा. कंपाइल. खाडीवरचा पूल आहे, पूल नसेल तर पुढची चर्चा नाही. इथेच गाडी थांबली तर वाईट वाटून घेऊ नका, स्वस्तात सुटलात.

सफाळे. टेस्ट. जेयुनिट हे टेस्टचं साधन केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ मध्ये विमानप्रवासात लिहायला घेतलं. आपल्याकडे विमान नाही, पण डहाणू लोकल तेवढाच वेळ देते. पहिली टेस्ट कोणती लिहावी? रात्री दोन वाजता ज्या गोष्टीवरून फोन आला होता, ती. आमच्याकडे पहिली टेस्ट होती: रिकामा टँकर भरलेल्या टँकरपेक्षा जड निघाला तर ॲपने गेटपास देऊ नये. हसू नका, एकदा दिला होता. मेव्हनला 'स्किप टेस्ट्स' असं सांगून सफाळ्याला न थांबता गाडी पळवता येते. घाईच्या वेळी सगळे तेच करतात, आणि घाईच्याच वेळी टेस्टची गरज असते.

केळवे रोड. इथे गाडी कधी कधी बाजूला उभी करतात आणि एक्सप्रेस पुढे काढतात. प्रवासी चरफडतात. पण एक्सप्रेस कशासाठी असते ते डिसेंबर २०२१ मध्ये कळलं. लॉगफोरजे या जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीत इतकं मोठं भगदाड सापडलं, की एक ठरावीक ओळ लॉगमध्ये पडली तरी परका माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. ज्यांची लाइन तयार होती त्यांनी पॉममधला आवृत्तीचा आकडा बदलला, गाडी सोडली, त्याच दिवशी काम संपलं. ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह होता त्यांनी आधी आपल्याकडे लॉगफोरजे कुठे कुठे आहे याची यादी करायला घेतली.

पालघर. जिल्हा मुख्यालय, म्हणजे सह्या. टेस्टच्या सर्व्हरवर ॲप चढतं आणि ज्यांना ते वापरायचंय, म्हणजे काट्यावरचे ऑपरेटर आणि स्टोअरवाल्या ताई, ते हाताळून पाहतात. ताई 'हो' म्हणाल्या की सिग्नल हिरवा. साहेबांची सही शोभेची असते, ताईंची खरी.

उमरोळी. छोटं स्टेशन, पण गाडी थांबलीच पाहिजे. पालघरला तपासलेली वॉर इथे आकडा टाकून कोठारात जमा होते. आणि बोईसरला तीच वॉर जाते. पुन्हा बांधून नवी न्यायची नाही. पुन्हा बांधलेली वॉर हुबेहूब असेल, असं वाटतं. मधल्या तासाभरात कुठल्या तरी लायब्ररीची नवी आवृत्ती आलेली असते आणि तुम्ही पालघरला एक माणूस तपासून बोईसरला त्याचा जुळा भाऊ उतरवता. डेटाबेसचे पत्ते आणि पासवर्ड वॉरच्या आत ठेवू नयेत, हेही याचसाठी. ते त्या त्या सर्व्हरवर राहतात. वॉर सगळीकडे एक, पत्ता ज्याचा त्याचा.

बोईसर. खरा सर्व्हर. धडा ४ पूर्ण याच्यावर आहे.

वाणगाव. चढवून झाल्यावर एक पान उघडून पाहणं, एक खोटा टँकर खोट्या काट्यावर उभा करणं. वाणगावची मिरची जिभेला लावून पाहिल्याशिवाय पोतं घेत नाहीत, तसंच हे.

डहाणू रोड. लॉग पाहणं, मेमरी पाहणं. इथे सगळे झोपलेले असतात आणि गाडी यार्डात जाते.

आता ती शेअर रिक्षा आठवा. सीट भरेपर्यंत थांबायची सवय इथे सोडायची. महिनाभराचे चाळीस बदल एका वॉरमध्ये कोंबून चढवलेत आणि बिघडलं, तर चाळिसातला गुन्हेगार शोधायला रात्र जाते. एकच बदल घेऊन रिक्षा सुटली तर रिकामी वाटते खरी, पण अपघात झाला तर आत कोण होतं ते माहीत असतं.

जाता जाता वेळापत्रकाची एक सूचना. जेनकिन्सला 'रात्री दोन वाजता गाडी सोड' असं सांगून मी निवांत झोपलो होतो. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर होतं. त्याचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. पहिली पाळी नुकतीच लागलेली, काट्यावर गाडी उभी, आणि टॉमकॅटने मान टाकली. घड्याळ बदला, किंवा साडेपाच तास वजा करायची सवय लावा.

धडा ४. चढवणे, आणि उतरवणे

टॉमकॅट वेबॲप्स फोल्डरवर डोळा ठेवून असतो. नवी वॉर दिसली की स्वतःच उघडतो आणि ॲप चालू करतो. ही सोय आहे असं समजून मी ऐंशी एमबीची वॉर कारखान्याच्या संथ नेटवर्कवरून थेट त्या फोल्डरात कॉपी करायला लावली. तीस एमबी आली न आली तोच टॉमकॅटला ती दिसली आणि त्याने ती उघडायला घेतली. अर्धवट झिप उघडत नाही. मग तो माझ्यावर ओरडला, लॉगमध्ये.

उपाय साधा आहे. फाइल आधी त्याच डिस्कवरच्या शेजारच्या फोल्डरात पूर्ण येऊ द्या, मग नाव बदलून वेबॲप्समध्ये सरकवा. एकाच डिस्कवर सरकवणं एका क्षणात होतं, अर्धवट काही दिसत नाही. जेवायला वाढताना भात पातेल्यात पूर्ण शिजवतात, ताटात शिजवत नाहीत.

टॉमकॅट ७ पासून आणखी एक सोय आहे. वॉरच्या नावापुढे दोन हॅश आणि आवृत्तीचा आकडा लिहिला, की जुनी आणि नवी आवृत्ती एकाच वेळी शेजारी शेजारी चालतात. जुनं सत्र चालू असलेला माणूस जुन्यावरच राहतो, नवा येणारा नव्यावर जातो. काट्यावर उभ्या असलेल्या टँकरला खाली उतर म्हणायला लागत नाही. तो त्याचं वजन पूर्ण करतो, पुढचा नव्या काट्यावर जातो.

आता उतरवणे. नवशिक्या चढायला शिकतो आणि उतरायचं उतरताना बघू म्हणतो. ताडाच्या झाडावर चढलेल्या माणसाला हा विचार करून बघायला सांगा. नवी वॉर चढवायच्या आधी जुनी परत आणायची एक आज्ञा तयार हवी आणि ती टेस्टच्या सर्व्हरवर खरोखर चालवून पाहिलेली हवी. कोठारात मागच्या पाच आवृत्त्या ठेवा. जागा लागते. रात्रीच्या झोपेपेक्षा कमी लागते.

फक्त डेटाबेसचं उतरणं सोपं नसतं. वॉर परत जुनी आणता येते, पण तुम्ही डेटाबेसमधल्या रकान्याचं नाव बदललं असेल तर जुन्या वॉरला तो रकाना सापडत नाही. म्हणून डेटाबेसमध्ये एका फेरीत फक्त भर घालावी आणि जुनं काढायचं ते पुढच्या फेरीत, नवं नीट बसल्यावर काढावं. भाडेकरू बाहेर पडायच्या आधी भिंत पाडू नये.

धडा ५. वही

१ ऑगस्ट २०१२. पालघर जिल्हा व्हायला अजून बरोबर दोन वर्षं होती. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाच्या शेअर दलाली कंपनीने नवा कोड चढवला होता. आठ सर्व्हर होते, सात झाले. आठव्यावर चढवायचं राहिलं. सकाळी बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरचा जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा होऊन भराभर खरेदी-विक्री करत सुटला. पाऊण तासात चाळीस कोटी डॉलरहून जास्त बुडाले. पुढे सरकारी चौकशीत जी गोष्ट नोंदवली गेली ती कुठल्या भारी तंत्रज्ञानाची नव्हती: चढवणाऱ्याचं काम दुसऱ्याने तपासावं असा लेखी नियमच तिथे नव्हता.

आठ सर्व्हर, एक माणूस, कागद नाही. हे वाचल्यावर मला वॉल स्ट्रीट दिसली नाही. चहाचा ग्लास दिसला.

मी दोनशे पानी वही घेतली आणि धडा १ मधली अकरा पावलं त्यात लिहून बॉयलरवर नेली. काकांना जावा येत नव्हती. म्हणूनच नेली. त्यांनी चष्मा लावला आणि थेट सहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"टॉमकॅट थांबवा. थांबला हे कसं कळतं?"

मला सांगता येईना. ते शोधून मी दुसऱ्या दिवशी लिहिलं: पोर्ट मोकळा झाला का ते तपासा, तीस सेकंद थांबा, नाही झाला तर ठार करा.

"जुनी फाइल काढा. काढून कुठे ठेवायची?"

लिहिलं.

"नवी बरोबर आहे हे कोण बघतं?"

लिहिलं.

"आणि तुम्ही नसलात तर?"

यावर मी म्हणालो, मी असतो की. काकांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "मग अजून लिहून झाली नाही."

असं तीन आठवडे चाललं. अकरा ओळींच्या चौतीस झाल्या. नंतर जेनकिन्ससाठी जी फाइल लिहायची असते, तिला जेनकिन्सफाइलच म्हणतात, ती मी एका रविवारी दुपारी लिहून काढली. दुपारच पुरली, कारण लिहायचं काही उरलंच नव्हतं. वहीतल्या चौतीस ओळी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेल्या. ती फाइल गिटमध्ये कोडाच्या शेजारी ठेवली. कोणी कधी काय बदललं ते तिथे तारखेनिशी राहतं. म्हणजे लॉगबुक.

नवशिके साधनापासून सुरुवात करतात: जेनकिन्स घ्यावं की दुसरं काही, मेव्हन की ग्रेडल. कोणतंही घ्या. ज्याला आपलं काम जावा न येणाऱ्या माणसाला कागदावर समजावता येत नाही, त्याला ते मशीनलाही समजावता येणार नाही. मशीन तर चष्मासुद्धा लावत नाही.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा.
(अ) टॉमकॅट आणि जेनकिन्स या दोघांनाही ______ नंबरचा पोर्ट हवा असतो.
(आ) मेव्हनचं डिप्लॉय ॲपला सर्व्हरवर नेत नाही, ______ नेतं.
(इ) जावा १७ च्या क्लासवरचा आकडा ______.

प्र. २. कोण कोणास म्हणाले?
(अ) "माझ्या मशीनवर चालतंय."
(आ) "छोटासाच बदल आहे, टेस्ट नको."
(इ) "डोकं गेटवर जमा करून जात जा."

प्र. ३. जोड्या लावा.
'अ' गट: केळवे रोड, उमरोळी, वाणगाव.
'ब' गट: मिरची चाखणे, कोठारात जमा करणे, एक्सप्रेसला वाट देणे.

प्र. ४. शास्त्रीय कारणे द्या.
(अ) वॉर फाइल थेट वेबॲप्स फोल्डरात कॉपी करू नये.
(आ) शुक्रवारी संध्याकाळी चढवू नये. (उत्तरात 'शनिवार' हा शब्द आला पाहिजे.)

प्र. ५. प्रात्यक्षिक. (गुण २०)
पाइपलाइन तयार झाल्यावर चढवण्याचा दिवस ठरवा. त्या दिवशी वही टेबलावर ठेवा, फोन बंद करा आणि केळव्याच्या किनाऱ्यावर जाऊन सुरूच्या सावलीत बसा. चढवायचं बटण दुसरं कोणीतरी दाबेल. परत आल्यावर वहीतली त्या दिवसाची नोंद वाचा आणि कोणकोणत्या ओळी वाढवाव्या लागल्या ते लिहा.
मध्येच फोन चालू करून पाहिल्यास १० गुण वजा. नोंद करणाऱ्याला जावा येत नसल्यास १० गुण जास्त.